विश्लेषण : थार-जिम्नीवर लाइट बार, फ्रिज, विंच... गाडीची वायरिंग, कायदा आणि विमा हे किती सोसतात?

टपावर एलईडी बार, बंपरवर चार चौकोनी पॉड्स, डिकीत फ्रिज, पुढे विंच आणि काचेला डॅशकॅम. जूनमध्ये स्पिती, सप्टेंबरमध्ये लडाख आणि डिसेंबरात कोकण-गोवा करणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांचे असे रील्स आता रोज दिसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार बाजारात आली, जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये थार रॉक्स. एकेकाळी मोजक्या हौशी मंडळींचा असलेला हा छंद त्यानंतर नोकरदार कुटुंबांच्या पार्किंगमध्ये येऊन पोहोचला. गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी राहते.

सीट कव्हर बदलणं आणि गाडीच्या वायरिंगला हात लावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फसलं तर पैसे जातात. दुसरं फसलं तर घाटात हेडलाइट बंद पडू शकतात, रात्री चार हजार मीटर उंचीवर गाडी स्टार्ट होत नाही, क्वचित गाडी पेटते आणि त्यानंतर विमा कंपनी जादा वायरिंगवर बोट ठेवते. हे सगळं नेमकं कसं होतं?

१८० वॅट म्हणजे किती?

गाडीतली वीज १२ व्होल्टची असते, म्हणून अनेकांना ती निरुपद्रवी वाटते. झटका बसत नाही हे खरं. पण व्होल्टेज कमी असल्यामुळे तेवढ्याच कामासाठी करंट खूप जास्त लागतो. घरातला १८० वॅटचा पंखा २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा खेचत नाही. १८० वॅटचा लाइट बार १२ व्होल्टवर १५ अँपिअर खेचतो. वायर तापते ती करंटमुळे.

आता हा बार टपावर आहे आणि बॅटरी बॉनेटखाली. जाऊन-येऊन तांब्याची साधारण ८ मीटर वायर लागते. दुकानात सहज मिळणारी १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर १५ अँपिअरला जवळपास २ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे ३० वॅटच्या आसपास उष्णता वायरीतच तयार होते. तेच ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत फक्त अर्धा व्होल्ट जातो. लाइट हॅलोजनचे असतील तर २ व्होल्ट कमी मिळाल्याने प्रकाश चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे महागडे लाइट लावायचे आणि काही शे रुपयांच्या वायरीवर वाचवून त्यातला मोठा भाग घालवायचा, असा हा सौदा आहे.

एक गंमत इथे नोंदवायला हवी. खोक्यावर '३०० वॅट' छापलेले स्वस्त बार क्लँप मीटरवर मोजले तर अनेकदा त्याच्या निम्मेही भरत नाहीत. त्यामुळे कित्येक चुकीची वायरिंग निभावून जाते आणि 'आमच्याकडे तर काहीच झालं नाही' असा दाखला तयार होतो. पुढे मालक खरोखरचा दमदार लाइट आणतो आणि जुन्याच वायरीला जोडतो.

फ्यूज नक्की कोणासाठी असतो?

फ्यूज लाइट वाचवण्यासाठी असतो, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. फ्यूज वायर वाचवतो. बॅटरीचा प्लस आणि गाडीची बॉडी यांचा थेट संपर्क आला तर साधी कार बॅटरीसुद्धा क्षणभरात शेकडो अँपिअर सोडते. बारीक वायर त्या करंटला लाल होते, तिचं प्लास्टिक पेटतं आणि शेजारच्या वायरींना घेऊन जातं.

म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. तो लाइटजवळ बसवला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघडी राहते, आणि घासली जाते ती नेमकी तीच. बॉनेटमधून केबिनमध्ये वायर नेताना मधल्या पत्र्याला भोक पडतं. त्या भोकात रबराचा ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची कड खडबडीत रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला वायर थोडी थोडी कापत राहते. दुकानातून निघताना सगळं व्यवस्थित चालतं. शॉर्ट होतो तो सहा महिन्यांनी, काझाच्या रस्त्यावर.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ च्या जागी ३० अँपिअरचा टाकणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे. काही जण तर फ्यूजला तांब्याची तार गुंडाळतात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर बिघाड झाल्यावर आधी वायर जळणार. वाहनातल्या वायरीचा ढोबळ हिशेब असा धरतात : १ चौरस मिलिमीटरला १० अँपिअर, २.५ ला २० अँपिअर. लांबी वाढली की वायर आणखी जाड घ्यायची.

दुसरी गोष्ट रिले. डॅशबोर्डवरचं छोटं बटण १५ अँपिअर सोसण्यासाठी बनलेलं नसतं. रिले म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा स्विच. बटणातून जातो तो रिलेच्या कॉइलपुरता, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट. खरा भार बॅटरी, फ्यूज, रिले आणि लाइट या जाड वायरीच्या वाटेने जातो. हेडलाइटच्या मूळ वायरीला टॅप मारून जादा लाइट जोडण्यापेक्षा ही पद्धत दहापट बरी. टॅप मारणं म्हणजे काय, हे कुठल्याही वायरिंगवाल्याकडे उभं राहिलं की दिसतं : चालू वायर सोलायची, नवी वायर पिळायची, वरून टेप. उन्हात टेपचा डिंक सुटतो, पावसात तांबं हिरवं पडतं आणि सैल झालेला तो जोड तापू लागतो. कोकणात समुद्राच्या वाळूवर गाडी घालणाऱ्यांकडे हे सगळं दुप्पट वेगाने घडतं.

नव्या गाड्यांना वेगळं काय लागतं?

पंधरा वर्षांपूर्वीच्या बोलेरोत जे खपत होतं ते आजच्या गाडीत खपत नाही, याची तीन कारणं आहेत.

पहिलं, दिवे आता थेट स्विचवर चालत नाहीत. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक अनेक दिव्यांचा करंट मोजत असतो. मागच्या दिव्याच्या वायरीतून कुणी जादा दिवा जोडला तर त्याला तो बिघाड वाटू शकतो. मग डॅशवर इशारा येतो, इंडिकेटर भराभर लुकलुकतात किंवा ते सर्किटच बंद केलं जातं.

दुसरं कारण बॅटरीच्या मायनस टोकावर असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथे एक सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट आला आणि गेला याचा तो हिशेब ठेवतो आणि त्यावरून अल्टरनेटरने किती चार्ज करायचं ते ठरतं. वायरिंगवाला जादा लाइटची मायनस वायर सरळ बॅटरीच्या टोकाला कसतो, तेव्हा तो करंट सेन्सरला दिसतच नाही. हिशेब चुकतो, बॅटरी उपाशी राहते आणि मालक बॅटरी कंपनीला दोष देतो. अशा गाडीत मायनस चॅसीच्या अर्थिंग पॉइंटला द्यायची असते. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत असावं लागतं.

तिसरं कारण सर्वात गंभीर आणि सर्वात कमी बोललं जाणारं. डॅशकॅमची वायर समोरच्या काचेच्या कडेने, खांबाच्या प्लास्टिकखालून नेली जाते. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच भागातून उघडते. वायर एअरबॅगच्या मागून न्यावी लागते. पुढून किंवा तिला वेढा घालून नेली तर अपघातात पिशवीच्या वाटेत अडथळा येऊ शकतो. रील्समध्ये ही वायर सर्रास नुसत्या बोटाने कडेच्या फटीत दाबलेली दिसते. तिच्या मागे काय आहे, हे पाहिलं जात नाही.

फ्रिज रात्रभर चालला तर सकाळी गाडी सुरू होईल?

कॉम्प्रेसरचा कारफ्रिज चालू असताना साधारण ४५ ते ६० वॅट घेतो, म्हणजे ४ ते ५ अँपिअर. तो सतत चालत नाही, म्हणून सरासरी २ अँपिअर धरू. दहा तासांत २० अँपिअर-अवर गेले. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम आणि तंबूतला दिवा मिळून आणखी आठ-दहा. बॅटरी ६० अँपिअर-अवरची असेल तर सकाळपर्यंत निम्मी रिकामी. स्टार्टिंगची बॅटरी थोड्या वेळासाठी भरपूर करंट देण्यासाठी बनलेली असते, अशी निम्म्यावर आणण्यासाठी नाही. काही वेळा असं झालं की तिची ताकद कायमची घटते.

त्यात सरचूची थंडी. मनाली-लेह रस्त्यावरचा हा मुक्काम चार हजार मीटरच्या वर आहे आणि सप्टेंबरातही तिथे रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद कमी होते आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. कोकणात एप्रिलमध्ये उलटं होतं : बॅटरी उबदार असते, पण फ्रिज जवळपास अखंड चालतो.

यावरचा खरा उपाय दुसरी बॅटरी. जुन्या पद्धतीचा आयसोलेटर इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि व्होल्टेज घसरलं की तोडतो. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मध्येच व्होल्टेज खाली आणतो, तेव्हा हा आयसोलेटर गोंधळतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी आणि टिकाऊ असते, मात्र ती शून्याखाली चार्ज केली तर आतून खराब होते. लडाखला जाणाऱ्याने तिच्यात कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारावं. एवढा खर्च नको असेल तर ठरावीक व्होल्टेजला बंद होणारा फ्रिज घ्यावा आणि ती सेटिंग 'हाय'वर ठेवावी.

विंचचं गणित तर या सगळ्याच्या पलीकडचं. ९,५०० पौंडांचा विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास खेचतो, तेवढं कोणताही कार अल्टरनेटर देऊ शकत नाही. इंजिन चालू ठेवून, थांबत थांबत, थोडं थोडं ओढणं एवढाच मार्ग असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

मग डॅशकॅम आणि फ्रिज बेकायदा? नाही. त्याने नोंदणीतला कोणताही तपशील बदलत नाही. अडचण दिव्यांची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ मध्ये डोळे दिपण्याची कसोटी मापात दिली आहे : दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना प्रकाशाचा त्रास होता कामा नये. टपावरचा बार या कसोटीला उतरणं जवळपास अशक्य आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालणंही इथेच अडतं, कारण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार आखलेला असतो. बल्ब बदलला की प्रकाश विखुरतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. रात्री कशेडी किंवा वरंध घाटात याची किंमत कोण मोजतं, हे सांगायला नको.

लाइट बसवण्यासाठी लावलेला लोखंडी बुलबारही सुटत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितलं होतं. पादचाऱ्याला होणारी इजा हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या फोर-बाय-फोर प्रवासाची मोठी परंपरा आहे. तिथे जादा ड्रायव्हिंग लाइट फक्त अपरसोबतच पेटतील आणि डिपर दिला की आपोआप विझतील, अशी जोडणी बंधनकारक आहे. एका रिलेचं काम. आपल्याकडे याच लाइटना सहसा स्वतंत्र बटण दिलं जातं आणि ते चालूच राहतं.

विमा आणि वॉरंटी

भारतीय मोटार विम्यात जादा इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजसाठी वेगळी तरतूद पूर्वीपासून आहे. आयएमटी-२४ या नावाने ती ओळखली जाते आणि जुन्या दरपत्रकात तिचा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के होता. ४० हजारांचे लाइट आणि फ्रिज असतील तर वर्षाला १,६०० रुपये. पॉलिसी काढताना किंवा नूतनीकरण करताना बिलं दाखवून हे जाहीर केलं नाही, तर चोरीत किंवा अपघातात त्या वस्तूंचे पैसे मागता येत नाहीत.

इलेक्ट्रिकल बिघाड हा मुळात मोटार पॉलिसीतून वगळलेला असतो, आग मात्र वगळलेली नसते. त्यामुळे गाडी जळाल्यावर सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो : आग कुठून सुरू झाली आणि तिथे बाहेरची वायरिंग होती का? वॉरंटीच्या बाबतीत शोरूमही तोच प्रश्न विचारतं. कंपनीच्या कपलरवर बसणाऱ्या ॲक्सेसरीज महाग असतात त्यात या प्रश्नाचं उत्तरही विकत घेतलेलं असतं. बाहेरून काम करून घ्यायचं असेल, तर वायरीची जाडी, फ्यूजचा आकडा आणि जोडणी कुठून घेतली हे पक्क्या बिलावर लिहून घ्यावं आणि ट्रिम बंद होण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. जो वायरिंगवाला हे लिहून द्यायला तयार होत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नये.