गाठ दोराच्या जातीप्रमाणे हवी

कोकणातील बागांत नारळ-सुपारीची काढणी आजही मोठ्या प्रमाणावर माणसाने झाडावर चढूनच होते. बाणवली जातीचे जुने माड ५० ते ६० फूट सहज उंच जातात, आणि तेथे दोर वापरणाऱ्याचा जीव त्या दोराच्या गाठीवर असतो. बियाणे, खते, फवारणी यांविषयी बागाइतदारांस पुष्कळ सांगितले जाते. गाठीविषयी मात्र, ती चढणाऱ्याची त्याला येतेच, असे सर्वत्र गृहीत धरले जाते. हे गृहीत सोडून दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण असे की, गाठ जुनीच राहिली आणि दोर बदलला. काथ्याचा दोर खरखरीत असतो. त्याचे पदर एकमेकांस धरून ठेवतात, आणि साधीशी गाठही त्यात टिकते. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा दोर बळकट खरा, पण गुळगुळीत. तीच गाठ त्यात हलक्या हिसक्यांनी सैल होत जाते आणि ऐन वेळी सुटते. म्हणून दोर घेतानाच गाठीचा विचार करावा. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने लवकर कमजोर होतो व घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनपेक्षा लवकर वितळतो. गुरे बांधण्यास तो खुशाल वापरावा. माणूस बांधण्यास नव्हे.

कमरेला सरकता फास कधीही घालू नये. वजन पडताच तो आवळत जातो आणि श्वास कोंडतो. सुरगाठ तर एका ओढीने सुटण्यासाठीच असते. मांड्यांना आधार देणारा रुंद पट्टा वापरावा व दोर त्याच्या कड्यांना बांधावा.

कड्याला दोर बांधण्यास इंग्रजी आठाच्या आकड्याची गाठ उत्तम. (मराठी आठाचा येथे उपयोग नाही!) टोकापासून सुमारे हातभर अंतरावर दोराला सैल आठ घालावा, टोक कड्यातून ओवावे, आणि आठाच्या वाटेनेच उलट माघारी आणून गाठ आवळावी. उरलेले टोक वीतभर तरी राहू द्यावे. गाठीने दोराचे बळ घटतेच. साधी गाठ ते जवळजवळ निम्म्यावर आणते, या गाठीत सुमारे तीन-चतुर्थांश टिकते. शिवाय ती बरोबर पडली की नाही हे खाली उभ्या असलेल्या माणसालाही दिसते. आमच्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण होय.

दोर कमीजास्त करण्यास प्रुसिक गाठ वापरावी. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली प्रसिद्ध केली. १२ मिलिमीटरच्या मुख्य दोरावर ८ मिलिमीटरच्या दोराचा बंद फेरा तीन वेळा गुंडाळून त्यातूनच ओढून घेतात. भार नसता ती हाताने सरकते. भार पडताच मुख्य दोराला घट्ट धरते. दोन्ही दोर सारख्या जाडीचे असले तर पकड कमी पडते. मुख्य दोराच्या मोकळ्या टोकाला अटकावाची गाठ मारावी, नाहीतर प्रुसिक टोकावरून निसटेल.

तथापि चांगली गाठही एकटी पुरत नाही. खोडाभोवती दोराचा एकच फेर असेल तर पाय निसटताच माणूस दोरासह खाली घसरू शकतो. शेंड्याशी पोहोचल्यावर कोयता काढण्यापूर्वी खोडाला दोन पूर्ण फेर द्यावेत. झावळीच्या देठाला दोर बांधू नये. कोयता दोरापासून दूर चालवावा. ताणलेला दोर धारेच्या एका स्पर्शाने तुटतो.

यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण तरुणांना देण्याचा कार्यक्रम नारळ विकास मंडळाने २०११ साली सुरू केला. अशा शिक्षणात गाठींना वेगळा वेळ मिळावा. ग्रामीण कार्यकर्त्यांनी दोन-तीन वाव दोर जवळ बाळगून बागेतच प्रात्यक्षिक करावे, आणि प्रत्येकाने गाठ स्वतः मारून, जमिनीपासून दोन फुटांवर तीवर भार देऊन पाहावी. आंब्याच्या बागेत जेथवर झेला पोहोचतो तेथवर चढूच नये.

दोराचा खर्च मात्र चढणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही. तो बागमालकाने करावा. पदर उसवलेला, रंग उडून ताठर झालेला किंवा एकदा जोराचा हिसका बसलेला दोर तुकडे करूनच टाकावा, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून झाडावर नेणार नाही.