मेट्रो आली, गाव पुढेच

दिल्लीत खेडी आहेत म्हटले तर अनेकांना नवल वाटते. १९६१ च्या जनगणनेत तेथे ३०० खेडी होती. २००१ मध्ये १६५ उरली आणि २०११ मध्ये ११२. माणसे काही गाव सोडून गेली नव्हती. वस्ती पाच हजारांवर गेली, दाटी वाढली आणि बहुतेक पुरुष शेतीबाहेरच्या कामाला लागले, की जनगणनेच्या वहीत खेड्याचे शहर होते.

पण वहीतला शिक्का बदलला म्हणून दारात बस येत नाही. हरियाणाच्या सीमेवरचे ढांसा पाहा. १८ सप्टेंबर २०२१ रोजी मेट्रोचे 'ढांसा बस स्टँड' स्थानक सुरू झाले. नाव ढांसाचे, स्थानक मात्र नजफगढमध्ये! तेथून गाव गाठायला पुन्हा कित्येक किलोमीटरचा रस्ता उरतोच.

२९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीत महिलांना बसप्रवास मोफत झाला. भाडे वाचले हे खरे. पण त्यासाठी आधी बस यायला हवी. कॉलेजातून परतणाऱ्या मुलीच्या आईला मेट्रोच्या वेगाचे कौतुक नसते. शेवटची बस मिळाली की चुकली, एवढीच तिची काळजी. मुलीचे शिक्षण पुढे चालणार की थांबणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.