सिस्टरचे १५० तास : शिक्षण मोजतोय की हजेरी?

मी इंजिनिअर. पदवी एकदा हातात आली ती आलीच. पाच वर्षांनी पुन्हा काही सिद्ध करायला मला कुणी बोलावत नाही. नर्सचं तसं नसतं. माझी मावसबहीण एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोंदणी नूतनीकरणाची तारीख जवळ आली, तेव्हा ती रात्रपाळी संपवून थेट कार्यशाळेला गेली. फी स्वतःच्या खिशातून. तिसऱ्या व्याख्यानाला डोळा लागला. संध्याकाळी सर्टिफिकेट मिळालं. काय शिकवलं, विचारल्यावर हसून म्हणाली, "तास भरले ना, बास!"

हसू येतं, पण उद्या आपल्याच घरातलं कुणी तिच्या वॉर्डात असू शकतं.

नियम काय आहे?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार नर्सला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी निरंतर शिक्षणाचे, म्हणजे 'सीएनई'चे १५० तास लागतात. वर्षाला सरासरी ३० तास.

याची गरजच काय?

एकच उदाहरण घ्या. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला सीपीआर देताना पूर्वी आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी छातीवर दाब, असा क्रम शिकवत. २०१०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला. आता सुरुवात छातीवर दाब देण्यापासून होते. २०१५मध्ये मोठ्या माणसांसाठी दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर अशी ठरली. २००९मध्ये पास झालेल्या सिस्टरला कॉलेजात हे कुणी शिकवलेलं नाही. शिवाय हे हाताचं काम आहे. सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतो. तो सराव हॉलमध्ये स्लाइड बघून होत नाही.

मग चुकतंय कुठे?

नियम चांगला आहे. चूक मोजण्यात आहे. तास मोजले की तासच भरले जातात. नर्स किती वेळ बसली याची नोंद राहते. काय जमायला लागलं याची राहतेच असं नाही. त्यात प्रशिक्षण साप्ताहिक सुट्टीत किंवा नाइटनंतर असेल, तर शिकण्याची जबाबदारी, खर्च आणि झोपमोड हे सगळं नर्सच्याच माथी येतं. फायदा मात्र रुग्णाचा आणि रुग्णालयाचा.

ब्रिटनमध्ये कसं आहे?

तिथे २०१६पासून दर तीन वर्षांनी 'रिव्हॅलिडेशन' होतं. त्यासाठी लागतात फक्त ३५ तास. आपल्या हिशेबाने तीन वर्षांचे ९० होतात! पण त्यातले किमान २० तास इतरांसोबत प्रत्यक्ष सहभागाचे हवेत. शिवाय कामातून काय शिकलो यावर पाच लेखी टिपणं लिहायची आणि त्यावर दुसऱ्या नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफशी चर्चा करायची. तास कमी, पण प्रश्न नेमका : शिकलेलं कामात कुठे आलं?

काय करता येईल?

माझ्या मते तीन गोष्टी. एक, सीएनई ड्युटीच्या वेळेत धरावं आणि त्याचा खर्च रुग्णालयाने उचलावा. दोन, काही तास वॉर्डातच द्यावेत : पाळी बदलताना पंधरा मिनिटं, समोर पुतळा, प्रत्येकीने करून दाखवायचं. तीन, सीपीआर, औषधाचा डोस, संसर्ग नियंत्रण अशा मोजक्या कौशल्यांची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. नापास झाल्यास शिक्षा नको, पुन्हा सराव द्यावा.

"आधीच माणसं कमी, वॉर्ड कोण सांभाळणार?" असं रुग्णालयं म्हणतील. अडचण खरी आहे. पण म्हणून थकलेल्या नर्सच्या सुट्टीवर डल्ला मारणं हा उपाय नाही.

१९४७च्या नर्सिंग कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. नवी घडी बसवायची हीच वेळ आहे. तास कमी झाले तरी चालतील. पण सर्टिफिकेट देताना सिस्टरला एवढंच सांगा : "करून दाखवा."