नरसिंह मराठीत का गरजला नाही?

मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, निर्माते आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाचे अधिकारी यांस,



पत्र कामतघरातून लिहितो आहे. भिवंडीतला, वऱ्हाळा तलावाजवळचा हा भाग. इथे आगरी आहेत, घाटावरून आलेले आहेत, तेलंगणातून यंत्रमागावर काम करायला आलेली पद्मशाली घरं आहेत, आणि मागांच्या खडखडाटामुळे टीव्हीचा आवाज सगळ्यांच्याच घरी मोठा असतो. मी समीक्षक वगैरे कोणी नाही. जेवताना समोर जे लागलेलं असेल ते बघणारा माणूस. पण आमच्यासारख्यांचं मत तुमच्यापर्यंत पोचायला वाटच नाही. देशभरात सुमारे ५८ हजार घरांत टीआरपीचे मीटर आहेत आणि त्यांच्यावर तुमची सगळी गणितं चालतात. कोणती वाहिनी लागली होती आणि समोर कोण होतं एवढं त्या मीटरला कळतं. आम्ही हसलो, की विनोद सुरू झाल्यावर मोबाइल हातात घेतला, ते त्याला कुठून कळणार?

आधी विनोदाचं. चांगल्याला चांगलं म्हणायलाच हवं. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार समोरासमोर आले की आमच्याकडे घास हातात राहायचा. पण एकूण विनोदी कार्यक्रमांना काही खोडी लागल्यात. पुरुषाने साडी नेसली की संगीतवाला आधीच वाजवून मोकळा होतो. जाड बाई दिसली की तिच्या जाडेपणावर चार वाक्यं ठरलेली. आणि विनोद संपायच्या आत कॅमेरा परीक्षकांच्या हसऱ्या चेहऱ्यावर! आमच्या शेजारच्या काकू अशा वेळी म्हणतात, “त्यांना हसायचे पैसे मिळतात, आपल्याला कोण देतंय?”

आगरी माणसाचं तर तुम्ही सोंगच करून ठेवलंय. गळ्यात जाड साखळी, हातात ग्लास, हळदीचा नाच आणि वरच्या पट्टीत बोलणं. संपला आगरी. हळद आमच्याकडे दणक्यात होते, सोनंही घालतात, नाही म्हणत नाही. पण आगरीत विनोद कसा होतो ते ऐकायचं असेल तर मासळीबाजारात भाव करून बघा. तिथल्या बाया आवाज न चढवता गिऱ्हाइकाची अशी जिरवतात की तो हसत हसत जास्तीचे पैसे देऊन जातो. ती बोली लिहिणारा लेखक तिथलाच लागेल. पुण्या-मुंबईत बसून शब्दांना नुसते हेल काढले की झाली आगरी, असं होत नाही. वऱ्हाडी आणि मालवणी प्रेक्षकांचंही रडगाणं हेच असणार.

सोंगाशिवायही विनोद होतो. २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. एक साधं घर, आबा, मुलगा-सून, नातवंडं, आणि रोज घडतं तेवढंच. त्यातले आबा दिलीप प्रभावळकरांचे. त्याच्या कितीतरी आधी दूरदर्शनवर चि. वि. जोशींचा चिमणरावही त्यांनीच केला होता. त्या घरांत कोणाला हसवायची घाई नव्हती. तशी मालिका आज भिवंडीत घडवा ना. बापाचे चार माग, डोक्यावर कर्ज. पोरगा ऑनलाइन कंपनीच्या गोदामात रातपाळीला. सकाळी एक झोपायला येतो तेव्हा दुसरा चहा मागतो. निम्मे विनोद आयते मिळतील.

आता ॲनिमेशन, म्हणजे आमच्या भाषेत कार्टून. इथे मात्र मला खरोखर राग येतो. जुलै २०२५मध्ये ‘महावतार नरसिंह’ आला आणि देशभर तुफान चालला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पद्मशाली पोरांनी तो मोबाइलवर तेलुगूत बघितला. खांब फुटतो तिथे त्यांची आजी हात जोडून बसली होती. आमच्या पोरांनी हिंदीत बघितला. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, हिंदी अशा पाच भाषांत तो थिएटरात लागला, त्यांत मराठी नव्हती. नृसिंह जयंती पाळणाऱ्या महाराष्ट्रात! निर्मात्यांना मराठीची गरज वाटली नाही, कारण मराठी माणूस हिंदीत बघून घेतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपण कुरकुर न करता बघतोही, हा आपलाही दोष. पण मराठीसाठी अडून बसणं हे काम तुमचं होतं.

बरं, ही कला आपल्याला परकी आहे असंही नाही. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या हलवून चित्रपट केला होता. २००५चा ‘हनुमान’ व्ही. जी. सामंतांनी केला, तोही हिंदीत. मराठीत २०१८ साली ‘प्रभो शिवाजी राजा’ आला. त्यानंतरचं नाव आमच्या पोरांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघतात. आणि दरवेळी देव किंवा राजेच कशाला हवेत? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१पासून वर्तमानपत्रात रोज खोड्या करत होता. त्याच्यावर दोन चित्रपट निघाले, पण खऱ्या मुलांना घेऊन. रेषेतून जन्मलेल्या पोराला रेषेतच पळवायला काय हरकत होती? शिनचॅनचा उद्धटपणा आमची पोरं हिंदीत पाठ करतात. चिंटूचा वात्रटपणा निदान घरच्या भाषेतला असता.

पैसे नाहीत ही सबब आता चालायची नाही. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या धोरणाला मंजुरी दिली, ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. स्टुडिओ उभे राहतील, पोरांना नोकऱ्या लागतील, चांगलंच आहे. पण त्या स्टुडिओंत दिवसरात्र परदेशी सिनेमांचीच कामं होणार असतील तर मराठी पोराच्या पदरात काय पडलं? सवलत घेणाऱ्याने ठराविक काम मराठीत करावं, एवढी अट घाला. आणि वाहिन्यांनो, रविवारी सकाळचा अर्धा तास मराठी कार्टूनसाठी मोकळा ठेवा. सुरुवातीला टीआरपी येणार नाही. तरी वर्षभर चालू ठेवा.

कळावे,
कामतघरातला एक प्रेक्षक