हक्क मिळवावा लागतो, राखावाही लागतो

अमेरिकेचा मतदान हक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने अमलात आला. तो जॉन्सन यांच्या नावावर जमा करणे मात्र इतिहासावर अन्याय करणारे ठरेल. मतदानात वंशभेद करण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० सालीच झाली होती. दक्षिणेतील राज्यांनी साक्षरता चाचण्या, मतदान कर आणि उघड दहशतीच्या बळावर ती कागदावरच ठेवली. मिसिसिपीत १९६५ पूर्वी पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावे मतदारयादीत होती.

ही कोंडी फोडली सामान्य माणसांनी. फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई. १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेली म्हणून मळेवाल्याने तिला घराबाहेर काढले, पुढच्या वर्षी तुरुंगात बेदम मारहाण झाली. १९६४ मध्ये तिने हे सारे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात देशाला ऐकवले. अलाबामात सेल्माचे कार्यकर्ते अनेक वर्षे दारोदार फिरून नोंदणीसाठी लोकांना तयार करत होते. ७ मार्च १९६५ रोजी तिथून निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांवर एडमंड पेटस पुलाजवळ पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. आठच दिवसांत जॉन्सन यांना संसदेसमोर उभे राहून कायद्याची मागणी करावी लागली. कायदा झाल्यावर दोन वर्षांत मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी ६० टक्क्यांच्या घरात गेली.

पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या कायद्याचा कणाच मोडला. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे; ती राज्ये ठरवणारे सूत्रच रद्द झाले. टेक्सासने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करण्याची घोषणा केली. सेल्माच्या पुलावर डोके फुटलेले जॉन लुईस २०२० मध्ये मरेपर्यंत कायदा पूर्ववत करण्यासाठी झगडले. त्यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडले.

चळवळीने कायदा मिळवला की काम संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक समाजाने हा अर्धशतकाचा हिशेब तपासावा. न्यायालये बदलतात, बहुमते फिरतात. अशा वेळी हक्काची राखण संघटित नागरिकच करू शकतात. म्हणून विजयानंतर संघटना मोडू देणे हा लोकशाहीतील सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे.