गोळ्या लपवायच्या कशाला?

माझ्या भाचीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. तिला बाराव्या वर्षापासून आकडीचा त्रास. गोळ्या नियमित चालू आहेत, म्हणून गेल्या चार वर्षांत एकदाही आकडी आलेली नाही. पण स्थळ आलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. 'सासरी कळलं तर? गोळ्या बंदच करा.' कुणी म्हणे, 'या गोळ्यांनी मूल मंद निपजतं.'

मी तिला घेऊन तडक मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरवर 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१३ सालचा लेख उघडला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ज्या बायकांनी गरोदरपणात आकडीचं औषध घेतलं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली होती. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती, पण सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवणंही चूक! भाचीची गोळी नेमकी व्हॅल्प्रोएटची. डॉक्टर म्हणाले, ''हळूहळू बदलून बघू, पण दिवस राहण्याआधी. फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासूनच घ्यायचं. आणि मनाने एकही गोळी बंद करायची नाही. एकदम सोडली तर जिवावर बेतेल.''

मी विचारलं, ''यात छापलेलं खरं कशावरून?'' ते म्हणाले, लेख आला की संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतात. ते चुका काढतात, हिशेब मागतात, कधी साभार परतही करायला लावतात. त्यातून तरला, तरच छापतात. तरीही चूक राहू शकते, मग पुढचे अभ्यासक ती दाखवतात.

मला आपल्या घरातली चर्चा आठवली. फिट आली की कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, मुलीचं लग्न करून टाका, आपोआप थांबेल. हे कोणी तपासलं? एकीने सांगितलं, दुसरीने ऐकलं, संपलं! हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला अडसर म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीच निघाला. आपल्या मनातून मात्र तो अजून निघायचाय.

मैत्रिणींनो, ते इंग्रजी लेख आपल्याला वाचता येणार नाहीत, नकोत यायला. पण ते आपल्याच लेकींबद्दल असतात. तेव्हा डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसू नका. 'मुलीचं लग्न करायचंय, ही गोळी पुढे चालेल का?' एवढं तरी विचारा.

आम्ही मुलाकडच्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आठ दिवस मागितलेत. होकार येईल की नकार, ठाऊक नाही. पण भाची आता सगळ्यांसमोर गोळी घेते, स्वयंपाकघरात पाठ फिरवून नाही.