विश्लेषण : अनुदानित शाळांतील शिक्षकांची निवृत्ती ५८ की ६०?

एकाच खासगी अनुदानित शाळेत शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि शिपाई ६० व्या. १९८१ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीतील नियम १७ तसेच सांगतो. नेमणूक संस्थेची, वेतन अनुदान शासनाचे. वादाचे मूळ इथे आहे. संस्थेने परस्पर मुदतवाढ दिली, तर पगार कोण देणार?

प्राध्यापकांकडे बोट दाखवूनही फारसे साधत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची ६५ वर्षांची मर्यादा राज्यांवर आपोआप बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जगदीश प्रसाद शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. साठीची मागणी रास्त असेलही, पण ती सुटायची तर मंत्रालयातच. आणि तिथे ‘पवित्र’ पोर्टलवर भरतीची वाट पाहणारे डीएड, बीएडधारकही दाराशी उभे आहेत.